फोटोच्या पोटातली चिठ्ठी

रुतियानाला फोटो उलटसुलट करून बघायची खोड होती. कुणाचाही फोटो हातात आला की ती आधी तो सरळ बघणार, मग आडवा, मग डोक्यावर उभा, आणि मगच परत देणार. लोक हसायचे. मीही हसायचो, आणि माझं हसणं फारसं गोड नसतं हे आमच्या ओनोतोआ बेटावर कुणीही सांगेल. "काय गं, आत काही वाजतंय का ते बघतेस?" असं मी एकदा विचारलंही. तिनं चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाली, "तू तुझा रेडिओ बडव."

आमच्या कौन्सिलचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. एकीत रेडिओ, बॅटऱ्या आणि मी. दुसरीत रुतियाना, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बेटावरच्या प्रत्येक माणसाचा चेहरा. मतदान असो, होडीचा परवाना असो की दवाखान्याचं कार्ड, फोटो रुतियानानंच काढायचा. पन्नाशी उलटलेली बाई. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आई लवकर गेली म्हणून धाकट्या भावाला, ब्वेरेला, तिनंच वाढवलं. तो तीस वर्षांचा घोडा झाला तरी ती त्याच्या भातावरचा मासा काटे काढून द्यायची. ऑफिसात ती मला रोज दोन तरी टोमणे मारायची, पण मानेआबाच्या, म्हणजे गावच्या सभाघराच्या, छपराखाली गेली की तिची वाचा बसायची. दक्षिणेच्या टोकाला आपल्या घराण्याच्या जागी, खांबाला पाठ लावून गप्प. तीस वर्षांत तिथं मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

त्या खोडीला कारण होतं. काही वर्षांपूर्वी राजधानीहून, तारावाहून, नवी ओळखपत्रं छापून आली, तर त्यात आमची अडतीस माणसं आडवी पडलेली. कान आकाशाकडे, नाक भिंतीकडे. बेटभर हशा पिकला. मला तर पाद्रीबाबांचं कार्ड बघून ठसका लागला. रुतियाना मात्र हसली नाही. तिनं पाठवलेले फोटो सरळ होते, तिच्या कॉम्प्युटरवर अजूनही सरळ दिसत होते. तिनं पत्रं लिहिली, लोकांना विचारून विचारून भंडावून सोडलं, आणि तीन महिन्यांनी एके दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"कॅमेऱ्याला वरखाली कळत नाही," ती म्हणाली. "फोन उभा धर नाहीतर आडवा, आतला डोळा चित्र एकाच तऱ्हेनं उतरवतो. उभा धरलास तर फोन चित्र फिरवत नाही. तो फक्त चित्राच्या पोटात एक चिठ्ठी घालतो, की मला दाखवताना इतकं इतकं वळवा."

"बरं मग?"

"मग ज्या मशीनला चिठ्ठी वाचता येते ते वळवून दाखवतं. ज्याला येत नाही, किंवा जे वाटेत चिठ्ठी फेकून देतं, ते तसंच आडवं दाखवतं."

"म्हणजे फोटो एकच, आणि दोघांना दोन तऱ्हांनी दिसतो?"

"हो."

"मग खरा कुठला?"

"तेच तर बघत असते मी," ती म्हणाली आणि गेली.

मला तेव्हा वाटलं, बाईला काम कमी आहे.

हे सगळं सांगतोय ते एका सोमवारासाठी. फेब्रुवारीतला सोमवार. शनिवारी पहाटे ब्वेरे आणि टेबानो कुपा माशांच्या मागे बाहेर गेले आणि संध्याकाळी आले नाहीत. रविवारी आमच्या होड्या दिवसभर फिरल्या, हाती काही लागलं नाही. इंजिन बंद पडलं असणार. होडीत दहा लिटर पाणी, थोडे नारळ आणि एक वल्हं. आमची माणसं आठवडेच्या आठवडे समुद्रावर काढून परत आलेली आहेत, म्हणून एरवी आम्ही इतक्यात धीर सोडत नाही. पण टेबानोला साखरेचं दुखणं. त्याच्या गोळ्या घरी फळीवरच राहिल्या होत्या. त्याची बायको तिरिबो ती डबी घेऊन रविवारपासून माझ्या ऑफिसात ठाण मांडून बसली होती, जणू मी ती रेडिओतून पाठवणार होतो.

तारावाहून सांगितलं की शेजारच्या देशाचं एक गस्तीचं विमान तिथं उतरलेलं आहे, सोमवारी दुपारी ते एक फेरी मारील. एकच. मंगळवारी ते आपल्या देशाला परत जाणार. समुद्र केवढा आणि एक फेरी केवढी, ते मला नका विचारू. विमानाला नेमकी जागा सांगितली तर उपयोग, नाहीतर पाण्यावर सावली फिरवून ते निघून जाणार. आणि वारा तर आठवडाभर वेड्यासारखा फिरत होता. कधी पूर्वेचा, कधी उत्तरेचा, कधी मेलेला. तारावाच्या कॉम्प्युटरनं होडी कुठेही असू शकेल असं सांगून हात वर केले होते.

म्हणून आम्ही तोआकाईकडे गेलो. तोआकाई म्हणजे ऐंशीच्या घरातला म्हातारा, कमरेत वाकलेला, कानाला कमी, पण समुद्राचे प्रवाह ओळखायची विद्या त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या. तो सगळं विचारून घेतो. होडी किती लांब, पुढं कोण बसलं होतं, वल्हं कुणाच्या हाती. मग चटईवर खऱ्या दिशा धरून मांडतो. एक पांढरा दगड म्हणजे घर. पुढे एकेका भरतीओहोटीचा एकेक खडा. शेवटी एक कवडी, ती होडी. बोलत नाही. हरवलेल्या माणसाची जागा तोंडानं सांगायची नाही, अशी त्याच्या घराण्याची रीत. सांगितली की समुद्र ऐकतो आणि माणूस हलवतो म्हणे. आणि एकदा दाखवून झालं की तो दगड गोळा करतो, पुन्हा मांडत नाही. दुसऱ्यांदा हात नुसत्या आठवणीवर चालतो, असं त्याचं म्हणणं.

सकाळी माझा रेडिओ खरखरत होता. वाऱ्याचे नि भरतीचे निम्मे आकडे तारावाला पोचतच नव्हते. वैतागून मीच तिथल्या रेडिओवरच्या पोराला, कबुआतीला, म्हणालो, "शब्दांवर जाऊ नकोस रे बाबा. म्हातारा मांडतोय, त्याचा फोटो पाठवतो. फोटोवरच जा." हे माझेच शब्द, त्याची मला आजही लाज वाटते.

फोटो काढायला रुतियाना गेली. मानेआबा आमच्या ऑफिसपासून तीन मैलांवर, पलीकडच्या गावात. तिथं बाईमाणसानं म्हाताऱ्यांच्या पुढून ताठ चालत जायचं नसतं. ती आपल्या दक्षिणेच्या बाजूनं वाकून वाकून चटईच्या कडेपर्यंत गेली, गुडघे टेकले, दोन्ही हात लांब केले आणि फोन दगडांवर सपाट धरून फोटो काढला. म्हाताऱ्यानं लगेच दगड थैलीत भरले. ती मोटरसायकलवर मागे बसून ऑफिसात आली, कारण टॉवर इथं आहे. फोटो जायला अकरा मिनिटं लागली. तो गेला, आभाळ भरून आलं आणि सौरपट्ट्यांवर चालणारा टॉवर मान टाकून बसला. आता जगाशी बोलायला माझा खरखरणारा डबा तेवढा उरला.

साडेबाराला कबुआतीचा आवाज आला. चक्क स्वच्छ.

"चित्र मिळालं. फार उपयोगाचं आहे. विमान एक वाजता सुटेल. शोध ओनोतोआच्या दक्षिणेला, तीस ते साठ मैल. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. तिरिबोनं डबी छातीशी धरली. खिडकीबाहेर उभी असलेली माणसं "चला, चला" म्हणाली. मलाही हायसं वाटलं.

"दक्षिणेला का?" रुतियाना म्हणाली.

"चित्रात तसं आहे म्हणून."

तिनं फोन काढला. माझ्यासमोर धरला. पांढरा दगड मधे, खडे डावीकडे सरकत गेलेले आणि डाव्या टोकाला कवडी. "मी दक्षिणेकडून काढला," ती म्हणाली. "माझं तोंड उत्तरेला होतं. म्हणजे वर उत्तर. डावीकडे काय?"

"पश्चिम." मी म्हणालो.

"त्यांच्या मशीननं चिठ्ठी वाचलेली नाही. त्यांना चित्र पाव फेरा वळलेलं दिसतंय. आपलं डावं त्यांचं खाली झालंय. आणि खाली म्हणजे त्यांच्या मते दक्षिण." तिनं फोन माझ्या आणखी जवळ आणला. "दगडांना काय, कसेही ठेवा, सरळच दिसतात. माणसाचं तोंड असतं तर त्यांना कळलं असतं."

मी माईक उचलला. ओरडलो म्हणालात तरी चालेल. "कबुआती! चित्र आडवं आहे तुझ्याकडे! पाव फेरा वळलंय! दक्षिण नव्हे!"

थोडा वेळ नुसती खरखर. मग तो, शांतपणे, शाळेत धडा वाचावा तसा: "साहेब, सकाळी तुम्हीच म्हणालात, शब्दांवर जाऊ नकोस, फोटोवर जा. फोटो माझ्यासमोर आहे. मी माझ्या डोळ्यांनी बघतोय."

मी माईक टेबलावर आपटणार होतो. रुतियानानं हात धरला.

"थांब," ती म्हणाली. ती फोनकडे बघत होती. "उरियाम, माझी एक चूक झालीय."

"आणखी काय?"

"फोन मी सपाट धरला होता. जमिनीकडे तोंड करून. तसा धरला की वर कुठं आहे ते फोनलाही कळत नाही. तो मागची काहीतरी आठवण काढून चिठ्ठीत वाट्टेल ते लिहितो."

"म्हणजे तुझ्या फोनवर दिसतंय तेही—"

"तेही खोटं असू शकतं."

"अगं पण तू तिथं होतीस! कवडी कुठल्या बाजूला होती ते तुला आठवत नाही?"

"डावीकडे होती असं वाटतंय. पण आत्ता फोनवर डावीकडे बघतेय म्हणून वाटतंय, की खरंच होती? माझं सगळं लक्ष हात हलू नये याच्याकडे होतं." ती माझ्याकडे वळली. "दोन माणसांचा जीव मी 'वाटतंय'वर लावू? माझ्या ब्वेरेचा?"

"मी जाऊन म्हाताऱ्याला विचारते," तिरिबो उठली.

"जायला यायला अर्धा तास," मी म्हणालो. "आणि तो बोलणार नाही. स्वतःचा मुलगा हरवला तेव्हा बोलला नाही, आता काय बोलणार?"

बारा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. रुतियानानं चष्मा काढला, पुसला, घातला. फोटो बोटांनी मोठा केला. एकेक कोपरा ती बघत गेली. चटई, चटईची वीण, खडे, पुन्हा चटई. मला ओरडावंसं वाटत होतं. कुणीतरी खोकलं तर तिरिबोनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

"हे काय?" रुतियाना म्हणाली.

उजव्या कडेला काहीतरी काळं, सुरकुतलेलं आत आलं होतं. मला तो खडकाचा तुकडा वाटला. तिनं आणखी मोठं केलं. मधोमध पांढरा व्रण.

"तोआकाईचा गुडघा," ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत तिनं माझ्या हातातून माईक घेतला. तीस वर्षांत तिनं रेडिओला हात लावला नव्हता. कुठं दाबायचं ते मी दाखवलं.

"कबुआती, ऐकतोस ना बाळा? मी रुतियाना. फोटो मी काढलाय. तुझ्यासमोरच्या चित्रात गुडघा दिसतो का?"

"काय दिसतो?"

"गुडघा. माणसाचा. त्यावर पांढरा व्रण आहे."

खरखर. खरखर. मग, "आहे. कडेला. आम्हाला तो दगड वाटला होता."

"कुठल्या कडेला?"

"वरच्या."

तिनं डोळे मिटले. "तू कुठल्या बेटाचा?"

"बाई, विमान दहा मिनिटांत—"

"कुठल्या बेटाचा?"

"बेरूचा."

"तुझा आजा मानेआबात कुठं बसायचा?"

पलीकडे कुणीतरी घाईत काहीतरी विचारलं, त्याला कबुआतीनं गप्प केलं असावं. "पश्चिमेच्या तिसऱ्या खांबाशी."

"कधी दुसऱ्या खांबाशी बसला?"

"काहीतरीच काय बाई! दुसऱ्याच्या जागेवर त्याला कोण बसू देईल?"

"तसाच आमचा तोआकाई. पूर्वेचा मधला खांब. त्याचा बाप तिथं बसला, आजा तिथं बसला. चटई त्याच्या पुढ्यात होती, म्हणजे गुडघा पूर्वेकडून आत आलाय. फोन काय सांगतो ते सोड, मशीन काय दाखवतं ते सोड. तुझ्या चित्रात वरती पूर्व आहे. आता ते वळव. गुडघा उजव्या हाताला येईपर्यंत वळव."

आम्ही थांबलो.

"वळवलं," तो म्हणाला.

"कवडी कुठं आली?"

"डावीकडे."

"म्हणजे कुठं?"

तो बोलला नाही. तोही बेरूचाच, असल्या रीती त्याच्याही कानावर असणार. जागा तोंडानं कोण बोलणार, हा प्रश्न दोघांच्याही पुढं होता. खिडकीतल्या माणसांना कळलं आता काय होणार ते. एका म्हातारीनं हातानं "नको, नको" केलं. रुतियानानं तिच्याकडे बघितलं आणि माईक तोंडाजवळ नेला.

"पश्चिमेला," ती म्हणाली. "माझा भाऊ पश्चिमेला आहे. टेबानो पश्चिमेला आहे. मी बोलले, माझ्यावर घ्या. विमान पश्चिमेला पाठव."

खिडकीशी कुणीतरी चुकचुकलं. आता ते परत आले नाहीत तर समुद्राचं नाव कुणी घेणार नव्हतं, रुतियानाच्या तोंडाचं घेणार होते, जन्मभर. तिलाही ते कळत होतं. तिरिबो तिच्याकडे बघत राहिली, मग सरकून तिला चिकटून बसली.

"वरच्या साहेबांना काय सांगू?" कबुआतीचा आवाज आता शाळेतला नव्हता. "एका गुडघ्यावरून विमान वळवा म्हणून?"

"हो. तेच सांग."

आणि रेडिओ मेला.

मी तो ठोकला, तारा हलवल्या, बॅटरी बदलली, आमच्या भाषेतल्या सगळ्या शिव्या त्याला घातल्या. एक वाजला. सव्वा वाजला. विमान सुटलं असणार. कुठल्या बाजूला, ते आम्हाला माहीत नव्हतं. कबुआतीला वरच्या माणसानं हसून उडवून लावलं असेल, किंवा ऐकलंही असेल. आणि ऐकलं असेल तर? सगळं एका व्रणावर आणि म्हाताऱ्याच्या बैठकीवर टांगलेलं होतं. मी रुतियानाला विचारलं, "तुझी खात्री आहे ना?" ती म्हणाली, "आता खात्रीचं काय करायचंय?" आणि तिनं भिंतीला डोकं टेकलं. मला फार वाईट वाटलं विचारलं त्याचं.

खिडकीतलं कुणीतरी सायकल मारत पलीकडच्या गावाला बातमी द्यायला गेलं. बाकीचे हलले नाहीत. कुणीतरी उकडलेला बाबाईचा कंद आणून ठेवला, त्यावर माश्या बसल्या.

दोन वाजून दहा मिनिटांनी रेडिओ खाकरला. तीन शब्द आले. "पश्चिमेला वळवलंय. थांबा."

यानंतरचे दोन तास मला नीट सांगता यायचे नाहीत. तिरिबो डबीतल्या गोळ्या मोजायची, परत भरायची, परत मोजायची. रुतियाना एकदाच बोलली. "लहानपणी त्याला पोहायला मी शिकवलं," ती म्हणाली. "बोटीवर जायला नाही. ते टेबानोनं शिकवलं." तिरिबो म्हणाली, "मग शिव्या दे त्याला आल्यावर." दोघी हसल्यासारख्या झाल्या आणि लगेच थांबल्या. मी रेडिओसमोरून उठलो नाही. पावणेपाचला विमानाला मागं फिरावं लागणार होतं. चार वाजले, चार वाजून दहा मिनिटं झाली. मी मनात म्हणत होतो की चूक झाली, ते दक्षिणेलाच होते, आपण त्यांना मारलं. माझा चेहरा त्यांना दिसू नये म्हणून मी डब्यावर वाकून बसलो.

चार वाजून बावीस मिनिटांनी कबुआती बोलला. तो इतका ओरडला की मला आधी काही कळलंच नाही.

"होडी दिसली! पश्चिमेला, एकेचाळीस मैल! एक माणूस उभा आहे, हात हलवतोय!"

"एक?" मी म्हणालो.

"एक दिसतोय."

दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या, आणि आता तो हात कुणी सोडायचा ते दोघींनाही कळेना. कुणाचा उभा आहे? एकीनं देवाजवळ स्वतःचा मागितला तर दुसरीचा गेला. मी माझ्या आयुष्यात इतकी भयंकर गोष्ट पाहिलेली नाही. दोन बायका, हात घट्ट धरलेले, आणि एकमेकींकडे न बघणाऱ्या.

"विमान पुन्हा खालून जातंय," कबुआती म्हणाला. "थांबा. थांबा."

तिरिबो तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. मला वाटलं प्रार्थना. नीट ऐकलं तर ती म्हणत होती, "दोघं. दोघं. दोघं."

"तळाला एक आडवा आहे," कबुआती म्हणाला. "हलला! त्यानंही हात वर केला. दोघं जिवंत आहेत. पाणी आणि तराफा टाकलाय. जवळच एक मासेमारीचं जहाज आहे, ते वळलंय त्यांच्याकडे."

बाहेर जो गलका झाला तो मी सांगत नाही. तिरिबोनं डबी माझ्या टेबलावर आपटली आणि ती ढसाढसा रडली. मीही रडलो, आणि ते कुणी पाहिलं असेल तर खुशाल सांगावं. रुतियाना रडली नाही. ती उठली, लुंगी झटकली आणि म्हणाली, "मला म्हाताऱ्याकडे सोड. जागा मी बोलले. त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये, माझ्या तोंडून कळायला पाहिजे."

कौन्सिलच्या ट्रकमधून मी दोघींना घेऊन गेलो. ऊन कलतं झालं होतं. मानेआबात पोचलो तर तिथं फार कुणी नव्हतं, सगळे किनाऱ्याकडे धावले होते. पूर्वेच्या मधल्या खांबाशी तोआकाई एकटा बसला होता. मांडी घातलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान ताठ. पुढ्यात चटई रिकामी.

रुतियाना वाकून वाकून गेली, दक्षिणेच्या बाजूनंच. गुडघे टेकले. "आजोबा," ती म्हणाली, "जागा मी बोलले. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. काय शिक्षा असेल ती करा."

"मोठ्यानं बोल," म्हातारा म्हणाला. "सापडले का?"

"सापडले. दोघं."

"होडी वाहतेय की धरली कुणी?"

"जहाज पोचतंय आता. धरतील."

मी जवळ गेलो तेव्हा दिसलं, त्याच्या मांड्या थरथर कापत होत्या आणि कपाळावरून घाम गळत होता. चटईपाशी दुपारचं जेवण झाकलेलं तसंच होतं. शेजारी बसलेल्या त्याच्या सुनेनं मला हळूच सांगितलं. एक वाजून गेल्यावर सायकलवरून बातमी आली की तारावाचं विमान आजोबांच्या गुडघ्यावरून वळवायला सांगितलंय. तेव्हापासून ते हललेले नाहीत. जेवले नाहीत, लघवीला उठले नाहीत. पाय मोकळे करा म्हटलं तर काठी उगारली. म्हणे, मी हललो तर विमान हलेल.

"धरली की नाही ते नक्की विचारून या," तोआकाई म्हणाला.

मी ट्रककडे धावलो. ट्रकमध्ये माझा छोटा, ऑफिसपर्यंतच पोचणारा रेडिओ होता. ऑफिसात बसवलेल्या पोरानं तारावाचा निरोप सांगितला, जहाजानं दोघांना वर घेतलंय, टेबानोला घोट घोट पाणी देतायत, ब्वेरेनं तीन भांडी पाणी पिऊन भात मागितला. मी परत येऊन हे सगळं मोठ्यानं, एकेक शब्द सांगितलं.

म्हाताऱ्यानं ते पूर्ण ऐकून घेतलं. मग त्याची मान खाली गेली.

"बोललीस ते बोललीस," तो रुतियानाला म्हणाला. "ये इकडे. पुढून ये, वाकू नकोस. तिरिबो, तू पलीकडून धर. हा पाय कधीचा मेलाय माझा, उचला मला."